उत्तर किती यायला पाहिजे?

अकरावीची नवी बॅच प्रयोगशाळेत आली की पहिल्या दोन-तीन प्रॅक्टिकलांतच कुणीतरी विचारतं, "मॅडम, उत्तर किती यायला पाहिजे?" विचारणारी मुलं कामचुकार नसतात. बहुतेक वेळा वर्गातली नीटनेटकी, जर्नल वेळेवर देणारी मुलंच हे विचारतात. दहावीपर्यंत त्यांच्या वाट्याला आलेल्या प्रयोगांचा निष्कर्ष पुस्तकात कृतीच्या खालीच छापलेला असतो. त्यामुळे प्रयोग करायचा म्हणजे कसंही करून तिथवर पोचायचं, एवढाच अर्थ मनात बसतो. साध्या लंबकाच्या प्रयोगात पोचायचं ठिकाण म्हणजे ९.८१. गुरुत्वत्वरणाची ही किंमत त्यांना पाठ असते.

पुढे जे होतं ते भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या कुणालाही नवं नाही. मागच्या वर्षीची तपासलेली जर्नलं हातोहात फिरतात. उत्तरावरून उलटं गणित मांडून रीडिंग तयार होतात, आधी पेन्सिलीने आणि जुळली की पेनने. तक्त्यात ओळीने ९.८०, ९.८१, ९.८२, ९.८१. असा तक्ता समोर आला की मला मनापासून वाईट वाटतं. लबाडीचा मुद्दा आहेच, पण त्याहून मोठं नुकसान वेगळं आहे. लंबकाने, घड्याळाने आणि स्वतःच्या हाताने त्या मुलाला त्या तासात जे दाखवलं, ते सगळं खोडरबराखाली गेलेलं असतं. प्रयोगात शिकण्यासारखं जे असतं ते बहुतेक सगळं रीडिंगच्या न जुळण्यात असतं, हे माझं इतक्या वर्षांच्या शिकवण्यानंतरचं ठाम मत आहे.

आणि ९.८१ हा आकडा मुळात आपल्याकडचा नव्हेच. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि विषुववृत्तापाशी थोडी फुगलेली आहे, त्यामुळे गुरुत्वत्वरण विषुववृत्तावर सुमारे ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३ मीटर प्रति सेकंद वर्ग भरतं. ९.८१ ही किंमत पॅरिस-लंडनच्या आसपासची. महाराष्ट्रात कोकण किनाऱ्यापासून विदर्भापर्यंत कुठेही मोजलं तरी ते ९.७८ ते ९.७९ च्या घरात राहतं. म्हणजे जुळवाजुळव करणारा मुलगा जे उत्तर आणतो ते त्याच्या पायाखालच्या जमिनीचं नसतंच. शाळा-कॉलेजातल्या लंबकावर एवढा बारीक फरक ओळखणं कठीण आहे, तरी मी तो पहिल्याच तासाला सांगते, कारण त्याच्यामागे एक गोष्ट आहे आणि ती मला फार प्रिय आहे.

ज्याँ रिशे नावाचा एक फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ १६७२ साली दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या कायेन इथे गेला. मंगळाची आणि इतर निरीक्षणं घ्यायची होती. सोबत लंबकाचं घड्याळ होतं. पॅरिसमध्ये बिनचूक चालणारं ते घड्याळ कायेनला रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. सेकंदाला ठोका मिळावा म्हणून लंबकाची लांबी कमी करावी लागली. किती, तर जेमतेम तीन मिलिमीटर. रिशेला हा फरक घड्याळाच्या माथी मारून मोकळं होता आलं असतं. त्याने तसं केलं नाही. तो तिथे होता तितके महिने दर आठवड्याला हेच मोजमाप पुनःपुन्हा घेत राहिला आणि आलेला आकडा आला तसा लिहून परतला. पॅरिसमधल्या काही जाणकारांना हा मोजणीतलाच दोष वाटला. पण १६८७ साली न्यूटनने आपल्या 'प्रिन्सिपिया'मध्ये पृथ्वी पूर्ण गोल नसून ध्रुवांपाशी चपटी आहे असं मांडलं, तेव्हा त्याच्या हाताशी रिशेची ही रीडिंग होती. तीन मिलिमीटर! आमच्या लॅबमध्ये मीटरपट्टी तिरकी धरली तरी एवढा फरक पडतो. म्हणूनच पट्टी सरळ धरायची असते, आणि सरळ धरूनही फरक पडला तर तो लिहून ठेवायचा असतो.

लंबकाचा प्रयोग दिसायला अगदी साधा. क्लॅम्पमध्ये मधोमध चिरलेलं बूच, त्या चिरेत धरलेला दोरा, खाली पितळी बॉब. आमच्या लॅबचे मामा हे स्टॅंड सकाळीच लावून ठेवतात आणि प्रत्येक बूच स्वतः दाबून बघतात. बूच सैल राहिलं तर झोक्यागणिक दोरा किंचित सरकतो आणि लांबी बदलते, हे त्यांनी इतक्या बॅच पाहून पक्कं ओळखलेलं आहे.

पहिल्या दिवशी मी मुलांना सूत्र लिहूच देत नाही. एक मीटरचा लंबक सगळ्यांना दिसेल असा टांगते आणि सांगते, मोबाइलवरचं स्टॉपवॉच काढा आणि फक्त एका ऑसिलेशनला किती वेळ लागतो ते मोजा. शेजाऱ्याचं बघायचं नाही. मग प्रत्येकाचा आकडा फळ्यावर. १.८२, २.१७, १.९४, २.३१, २.०५... एकच लंबक, एकच झोका, आणि फळाभर वेगवेगळी उत्तरं. वर्ग आधी हसतो, मग आपापसांत वाद सुरू होतो. कुणाचं बरोबर? ज्याचं घड्याळ महागाचं त्याचं? पहिल्या नंबरात येणाऱ्या मुलीचं? हा वाद मी थांबवत नाही. दहा मिनिटं जातात, पण या दहा मिनिटांत जे कळतं ते माझ्या व्याख्येने कळलं नसतं: मोजमाप म्हणजे एक आकडा नसून आकड्यांचा पसारा असतो, आणि त्या पसाऱ्याला स्वतःची एक रुंदी असते.

ही रुंदी कुठून आली? डोळ्याने पाहिल्यापासून अंगठा पडद्यावर टेकेपर्यंत माणसाला साधारण पाचवा हिस्सा सेकंद लागतो. घड्याळ शंभराव्या हिश्श्यापर्यंत दाखवतं, पण अंगठा तितका नेमका नसतो. एक मीटरच्या लंबकाचा दोलनकाल जवळपास दोन सेकंद. दोनात ०.२ ची गफलत म्हणजे दहा टक्के. सूत्रात दोलनकालाचा वर्ग येतो, म्हणून उत्तरात वीस टक्के. तेच वीस ऑसिलेशन सलग मोजली तर चाळीस सेकंदांत तीच ०.२ ची गफलत. अर्धा टक्का, आणि उत्तरात एक टक्का. अंगठा तोच, घड्याळ तेच, फक्त मोजण्याची रीत बदलली. "वीस ऑसिलेशन का घ्यायची?" या व्हायवातल्या नेहमीच्या प्रश्नाला मुलं "जास्त अचूक येतं" एवढंच उत्तर देतात. किती पट अचूक, हे ज्याने फळ्यावर स्वतः काढलंय त्याला ते पाठ करावं लागत नाही.

आणखी एक बारकावा. मुलं हमखास बॉब टोकाला गेला की मोजतात, कारण तिथे तो थांबल्यासारखा वाटतो. पण थांबल्यासारखा वाटतो म्हणूनच नेमका क्षण पकडता येत नाही. मधल्या जागी बॉबचा वेग सर्वांत जास्त असतो; मागच्या भिंतीवर खडूची एक उभी रेघ मारली की त्या रेघेवरून तो सर्रकन जातो आणि क्षण ठळक मिळतो. रेघ मारल्यावर त्याच मुलांच्या रीडिंगचा पसारा आवळतो. हे डोळ्यांदेखत होतं तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

सरासरीबद्दल मला एक सांगायचं आहे. मुलांना सरासरी आठवी-नववीपासून काढता येते, पण ती कशासाठी, हे फारसं कुणी सांगितलेलं नसतं. रीडिंग वाढवली म्हणून त्यांचा पसारा कमी होत नाही. अंगठा आहे तसाच राहतो. कमी होते ती सरासरीबद्दलची अनिश्चितता, आणि तीही वर्गमुळाच्या हिशोबाने. अनिश्चितता निम्मी करायची तर रीडिंग चौपट घ्यावी लागतात. हे कळलं की मुलं विचारपूर्वक ठरवतात, अजून रीडिंग घ्यायची की आधी खडूची रेघ नीट मारायची. कॅल्क्युलेटरवर दिसणारे ९.७३६४२१८ हे सगळे अंक उतरवून काढण्याची सवयही मग आपोआप गळते. पहिल्या दशांशालाच खात्री नसेल तर सातव्या दशांशाला काय अर्थ?

एका वर्षी तीन मुलींच्या गटाने फार सुंदर काम केलं. लंबकाची लांबी २० सेंटिमीटरपासून १०० सेंटिमीटरपर्यंत वाढवत त्यांनी प्रत्येक लांबीला उत्तर काढलं होतं. तक्ता घेऊन आल्या तेव्हा तिघी हिरमुसलेल्या होत्या. २० ला साधारण ९.३, ४० ला ९.५, पुढे ९.६ आणि शंभरला ९.७. शेजारच्या टेबलावर सगळीकडे ९.८१ लिहून झालेलं. "मॅडम, आमचं प्रत्येक वेळी कमी येतंय. आणि लांबी वाढली की वाढतंय. पुन्हा करू का?"

मी त्यांना पुन्हा करायला न सांगता आलेख काढायला सांगितलं. आडव्या अक्षावर लांबी, उभ्या अक्षावर दोलनकालाचा वर्ग. बिंदू एका रेषेत छान बसले. सूत्राप्रमाणे ती रेषा आरंभबिंदूतून जायला हवी. लांबी शून्य तर दोलनकाल शून्य. त्यांची रेषा तिथून गेली नाही. मागे वाढवली तर लांबीच्या अक्षाला शून्याच्या डावीकडे, उणे एक सेंटिमीटरच्या आसपास छेदत होती. तिघी बराच वेळ त्या छेदाकडे बघत बसल्या. मग त्यांच्यातली एक उठली, व्हर्नियर कॅलिपर घेऊन आली आणि बॉबचा व्यास मोजला. १.६ सेंटिमीटर. निम्मा ०.८, वर हुकाचा थोडा भाग, मिळून एक सेंटिमीटर. त्यांनी दोरा हुकापर्यंतच मोजला होता. लांबी बॉबच्या मध्यापर्यंत घ्यायची असते.

वीसमध्ये एक सेंटिमीटर राहिला तर पाच टक्के जातात, शंभरात एकच टक्का. म्हणून उत्तर लांबीबरोबर वर चढत होतं. आणि मुख्य म्हणजे रेषेचा चढ या चुकीने अजिबात बदलत नाही. पूर्ण रेषाच तेवढी बाजूला सरकते. चढावरून त्यांनी गुरुत्वत्वरण काढलं आणि ते आपल्या मातीतल्या किमतीला अगदी लागून आलं. त्या दिवशी तिघींना जे सापडलं ते शेजारच्या टेबलाला सापडणं शक्यच नव्हतं. ९.८१ च्या रांगेत बॉबची त्रिज्या दिसत नाही.

आलेखाचं महत्त्व मी नेहमी याच प्रयोगावरून सांगते. फ्रान्सिस अँस्कम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये चार लहान तक्ते बनवले होते. चारही तक्त्यांची सरासरी जवळजवळ सारखी, पसारा सारखा, त्यांतून बसणारी सरळ रेषाही तीच. आलेख काढला की मात्र एक खरंच रेषेभोवती, दुसरा वळणदार, तिसऱ्यात एकच बिंदू भलतीकडे, चौथ्यात एका बिंदूच्या जोरावरच रेषा उभी. हे चारही आलेख मी मुलांकडून हाताने काढून घेते. संगणकावर क्षणात निघतात, पण हाताने बिंदू ठेवताना प्रत्येक आकडा एकदा तरी डोळ्यांखालून जातो.

मुलींच्या गटाच्या त्या एका सेंटिमीटरला संख्याशास्त्रात नाव आहे: एकाच बाजूला झुकणारी चूक. अंगठ्याची चूक कधी पुढे, कधी मागे, म्हणून सरासरीत बरीचशी फिटते. हुकापर्यंत मोजलेल्या दोऱ्याची रीडिंग हजार घेतली तरी उत्तर कमीच येणार. हा फरक लॅबच्या बाहेर किती मोठा होतो ते सांगताना मी पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचं नाव घेतेच. १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेला हा माणूस पुढे जगभर गेला. १९४० च्या दशकात देशातल्या पिकांचं उत्पन्न मोजण्याच्या पद्धतीवर त्यांनी मोठं काम केलं. शेतात एक तुकडा आखायचा, त्यातलं पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं आणि त्यावरून तालुक्या-जिल्ह्याचा अंदाज बांधायचा. तुकडा फार लहान ठेवला तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त येतं, हे सुखात्म्यांनी दाखवून दिलं. कारण हद्दीवर असलेलं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की माणसाचा हात ते आत घेण्याकडे वळतो. तुकडा लहान तेवढी क्षेत्रफळाच्या मानाने हद्द मोठी, आणि फुगवटाही मोठा. असे लहान तुकडे हजारो गावांत कापले तरी फुगवटा जात नाही. तुकड्याच्या आकारावरून त्यांचे आणि संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे जाहीर मतभेद झाले. दोघेही तोलामोलाचे, आणि वाद खरंच महत्त्वाचा होता, कारण देशात धान्य किती पिकतं याचा हिशोब त्याच्यावर उभा होता.

माझ्या वर्गात निम्मी मुलं शेतकऱ्यांच्या घरची. पीक कापणी प्रयोग हा शब्द त्यांना माहीत असतो, कारण विम्याची भरपाई त्याच्यावर ठरते. शेतात तुकडा कुठे आखायचा हे यादृच्छिक आकड्यांवरून ठरवतात, हेही कुणी ना कुणी पाहिलेलं असतं. "कोपरा आपण दाखवला तर चालत नाही, मॅडम. आकडे निघतील तिथेच." का चालत नाही, हे मी त्यांनाच बोलायला लावते. शेतकरी वाळलेला कोपरा दाखवील, कर्मचारी बांधाजवळचा सोयीचा कोपरा घेईल. दोघांचाही हेतू वाईट नसला तरी आकडा झुकणारच. विनायक गोविंद पानसे आणि सुखात्मे यांचं शेतीच्या प्रयोगांसाठीचं संख्याशास्त्राचं पुस्तक १९५४ साली निघालं. कृषी महाविद्यालयांत ते पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं. आपल्या मातीतल्या दोन माणसांनी देशाला प्रयोग कसा मांडावा हे शिकवलं, याचा मला अभिमान वाटतो, आणि मुलांनाही वाटावा म्हणून मी ते मुद्दाम सांगते.

विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी एक तरी प्रकल्प रोपांचा असतो. संगीत ऐकवलेलं रोप आणि न ऐकवलेलं रोप, दोन कुंड्या, आणि उंचीत दोन बोटांचा फरक. परीक्षक म्हणून गेले की मी त्या मुलांना कमी लेखत नाही; त्यांच्याशी बसून बोलते. संगीताची कुंडी कुठे होती? खिडकीत, कारण प्लग तिथे होता. मग वाढ संगीताची की उन्हाची? दोन्ही कुंड्यांत संगीत नसतं तर त्या सारख्याच वाढल्या असत्या का? याचं उत्तर मिळवायचा एकच रस्ता: एका वाटीतले मूग दहा-बारा भांड्यांत घालायचे, कुठलं भांडं कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, आणि संगीत सोडून ऊन, पाणी, माती सगळं सारखं ठेवायचं. एका गटाच्या आतच भांड्याभांड्यांत किती फरक पडतो ते आधी बघायचं. दोन गटांतला फरक त्याहून ठळक असेल तरच त्याच्यावर बोलायचं.

गेली काही वर्षं मी लॅबच्या भिंतीवर आलेखाच्या कागदाची लांब पट्टी लावते. प्रत्येक गटाने आपलं लंबकाचं उत्तर एका फुलीने त्यावर टाकायचं. नाव लिहायचं नाही, म्हणजे जुळवाजुळवीचं कारण उरत नाही. तपासताना मार्क उत्तराच्या जवळिकीला देत नाही. कच्ची रीडिंग, आलेख आणि उत्तरातल्या अनिश्चिततेचा हिशोब यांना देते.

अलीकडे त्या पट्टीवर ९.६ ते ९.९ मध्ये फुल्यांचा मोठा ढीग झाला आणि १०.८ पाशी आणखी एक लहान ढीग. मधे जवळपास काहीच नाही. सगळ्यांची सरासरी काढली असती तर ती बरोबर त्या रिकाम्या जागेत पडली असती, जिथे कुणाचंच उत्तर नव्हतं. मुलांनी दोन दिवस डोकं चालवलं. एकाने दोन्ही किमतींचं गुणोत्तर घेऊन वर्गमूळ काढलं: ०.९५. म्हणजे वीसला एकोणीस! बॉब रेघेवरून गेला, घड्याळ सुरू केलं आणि त्याच क्षणी "एक" म्हटलं, तर "वीस" म्हणेपर्यंत ऑसिलेशन एकोणीसच झालेली असतात. आता घड्याळ सुरू करताना प्रत्येक टेबलावर मोठ्याने "शून्य" म्हणतात. त्या फुल्या पुसल्या नाहीत; त्यांच्याभोवती लाल गोल करून बाजूला कारण लिहिलंय.

एक फुली मात्र ९.२ वर एकटीच आहे. तिला कारण सापडलं नाही. काढून टाकावी की ठेवावी यावर वर्गात चांगलाच वाद झाला, आणि कारण मिळेपर्यंत ती राहील असं मुलांनीच ठरवलं. नाव लिहायचं नसलं तरी ती फुली आपली आहे, हे एका मुलीने उठून सांगितलं. पुढच्या प्रॅक्टिकलच्या आधी अर्धा तास लॅब उघडून द्या, तोच दोरा, तोच बॉब आणि तेच बूच हवंय, असं ती मामांना सांगून गेली आहे.